रेजेक्स: लिहिणारा लिहून जातो, वाचणाऱ्याने काय करायचं?

रायबंदर

मंडळी, रेजेक्सवर, म्हणजे मजकुरात ठरावीक साचा शोधायला लिहितो त्या चिन्हांच्या ओळीवर, मोकळेपणी बोलावं म्हणून हा धागा काढतोय. इथे कोड लिहिणारे बरेच आहेत, मराठी मजकुराचं काम करणारेही आहेत. दोघांनीही लिहावं.

सध्या माझ्याकडे जमिनीच्या जुन्या याद्यांचं काम आहे. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या वर्षी टाइप केलेल्या मराठी याद्या: गाव, तालुका, सर्वे नंबर, पोटविभाग, कब्जेदाराचं नाव. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा) ज्यांनी हाताळलाय त्यांच्या लगेच लक्षात येईल. यातून सर्वे नंबर वेगळे काढून रकान्यात बसवायचे आहेत. कुणी "४५/२-अ" लिहिलंय, कुणी "४५ / २ अ", कुणी "४५/२अ". हे काम रेजेक्सचंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या आधी या कामावर असलेल्या माणसाने ते लिहूनही ठेवलंय. पण ते सगळं एका ओळीत, स्क्रीनच्या उजव्या कडेबाहेर जाणारं, आणि एका शब्दाची टीप नाही. त्यातून काही नोंदी गळतात, एवढं कळलंय. कुठल्या आणि का, हे लागत नाही.

वाचायला बसलं की काय होतं ते सांगतो. एक गोल कंस उघडतो, लगेच प्रश्नचिन्ह आणि कोलन. इथल्या प्रश्नचिन्हाचा अर्थ, हा कंस नुसता एकत्र बांधायला आहे, आतलं लक्षात ठेवू नकोस. चार चिन्हं पुढे गेलं की पुन्हा प्रश्नचिन्ह, आता अर्थ 'असेल किंवा नसेल'. मग स्टारच्या पाठीला आणखी एक, तिथे अर्थ 'शक्य तितकं कमी घे'. कॅरेटचंही तसंच. बाहेर असला तर ओळीची सुरुवात, चौकटी कंसात पहिला आला तर 'हे सोडून बाकी काहीही', चौकटी कंसात दुसऱ्या जागी आला तर नुसताच कॅरेट. डोळा एका चिन्हावर ठेवून चालत नाही, आजूबाजूची दोन-दोन चिन्हं धरून प्रत्येक वेळी नव्याने अर्थ लावावा लागतो.

आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो की रेजेक्समध्ये चूक आणि हेतू अगदी सारखेच दिसतात. बाकीच्या कोडमध्ये अट उलटी पडली असेल तर व्हेरिएबलच्या नावावरून, आजूबाजूच्या ओळींवरून शंका येते. इथे एक मोकळी जागा सुटलेली असेल तर ती मुद्दाम ठेवली की हात चुकून पडली, हे सांगणारं काहीच नसतं. या ओळीत एके ठिकाणी [अ-ड] आहे. पोटविभाग ड पर्यंतच असतात असं त्याला कुणी सांगितलं होतं, की त्याच्यासमोरच्या यादीत ड पर्यंतच होते? माणूस निघून गेला, आता विचारायचं कुणाला?

तुम्ही दुसऱ्याचे रेजेक्स कसे वाचता? आणि पुढच्याला वाचता येतील असे लिहिता का?


फोंडेकर_मास्तर

विषय चांगला काढलात रायबंदरबाब. मी हे शिकवतो, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांत हाच प्रश्न दर वर्षी बघतो.

मुळात ही कल्पना फार नेटकी आहे. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये ती मांडली, १९५६ मध्ये ती छापून आली. त्यात क्रिया तीनच: एकापुढे एक ठेवणं, 'हे किंवा ते', आणि 'शून्य किंवा अधिक वेळा'. शेवटचा तो स्टार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फळ्यावर हे शिकवताना कुणीच अडत नाही. चार उदाहरणं सोडवली की मुलं स्वतः लिहू लागतात.

गोंधळ कुठे सुरू झाला ते सांगतो. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये रेजेक्सने मजकूर शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि आपल्या एडिटरमध्ये ती घातली. पुढे युनिक्समध्ये ती सगळीकडे पसरली. तिथे रेजेक्स म्हणजे टेलिटाइपवर बसून जागच्या जागी ठोकायची आज्ञा होती. लिहिणारा आणि वाचणारा एकच, ओळ सापडली की आज्ञेचं काम संपलं. अशा वापराला एका चिन्हाचं नाव अगदी योग्य. नंतर तीच लिपी पर्लसारख्या भाषांनी उचलली, तिच्यावर नवनव्या सोयी चढवल्या, आणि नवी चिन्हं शिल्लक नसल्यामुळे जुन्याच चिन्हांना नवे अर्थ दिले. तुमचं ते तीन अर्थांचं प्रश्नचिन्ह तिथून आलं. आज आपण ही क्षणभराची आज्ञा वर्षानुवर्षं चालणाऱ्या कोडमध्ये ठेवतो आणि दुसऱ्याने वाचावी अशी अपेक्षा करतो. तुमच्या त्रासाचं मूळ मला इथे दिसतं. चिन्हं अवघड आहेत हे मला पटत नाही. संगीतातली स्वरलिपी याहून दाट असते, तरी वादक ती वाचतोच.


नवखा_मडगाव

सर, पण चिन्हं तरी सगळीकडे सारखी असावीत ना. मी ग्रेपमध्ये (युनिक्समधली मजकूर शोधायची आज्ञा) प्लस वापरला, काहीच सापडेना. मग कळलं की तिथे साधा प्लस म्हणजे नुसतं प्लसचं चिन्ह. त्याच्याआधी बॅकस्लॅश दिला तर तो 'एक किंवा अधिक' होतो. गोल कंसांचंही तेच. आणि ग्रेपला मोठ्या ई चा पर्याय लावला की सगळं उलटं, बॅकस्लॅश दिला तर नुसतं चिन्ह, नाही दिला तर खास अर्थ. पायथनमध्ये शिकलेलं ग्रेपमध्ये चालत नाही, ग्रेपमधलं विम या एडिटरमध्ये अर्धवट चालतं. जावामध्ये तर एक बॅकस्लॅश शोधायला चार लिहावे लागतात, कारण दोन स्ट्रिंग खाते आणि उरलेल्यांतला एक रेजेक्स खातो.

आता मी सरळ एआयला विचारतो. तो लिहून देतो, चालतं. पण काय लिहिलंय ते मला समजत नाही, हे खरं.


रायबंदर

नवख्या, लिहून मिळणं ही माझी अडचण कधीच नव्हती. माझ्याकडेही लिहिलेलंच आहे. ते आपल्या याद्यांवर बरोबर आहे हे कुणी ठरवायचं? पाच ओळींवर चाललं म्हणून पन्नास हजार ओळींवर सोडायचं का? जमिनीच्या नोंदीत पोटविभाग चुकला तर एकाची जमीन दुसऱ्याच्या नावासमोर दिसते.

मास्तर, क्षणभराची आज्ञा कायमची होऊन बसली, हे एकदम पटलं.


अक्षरवेडी

रायबंदरदादा, तुमच्या नोंदी कुठे गळतात ते मला बहुतेक दिसलं. ते [अ-ड] आहे ना, त्यात ब नाही.

आपण पोटविभाग अ, ब, क, ड असे मोजतो. पण रेजेक्समधली रेंज आपल्या मोजणीने चालत नाही, युनिकोडमधल्या, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या यादीतल्या, क्रमांकाने चालते. आणि युनिकोडमध्ये वर्णमालेचा क्रम आहे: अ आ इ ई, मग क ख ग घ, असं करत ट ठ ड. ब त्याच्या बऱ्याच पुढे, प फ नंतर. म्हणजे [अ-ड] मध्ये आ, ई, ओ, झ, ठ धरून २९ अक्षरं बसतात, आणि नेमका ब बाहेर राहतो. इंग्रजीत ए ते डी लिहायची सवय असलेल्या माणसाने तीच सवय इथे वापरली असणार. वाचताना ते इतकं बरोबर दिसतं की कुणालाही शंका येणार नाही. [अबकड] असं सुटं लिहा.


रायबंदर

ताई, आत्ताच तपासलं. गळलेल्या नोंदी काढून बघितल्या, "/१-ब", "/३-ब", "/२ ब"... सगळे ब. अ, क, ड व्यवस्थित येतायत. इतके दिवस मी मोकळ्या जागांमागे लागलो होतो. मनापासून आभार.


अक्षरवेडी

आनंद वाटला. आता आलेच आहे तर मनातलं सगळं लिहिते, कारण देवनागरीवर रेजेक्स चालवताना काय हाल होतात याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही.

पहिली गोष्ट, टिंब. 'टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर' असं शिकवतात. आपल्याकडे ते खरं नाही. टिंब एक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधला एक क्रमांक, घेतं. "फोंडा" आपल्याला दोन अक्षरं दिसतात, मशीनला पाच: फ, ओकाराची मात्रा, अनुस्वार, ड, काना. म्हणून 'पहिली दोन अक्षरं घे' असं सांगितलं की "फो" येतं आणि अनुस्वार मागे सुटतो.

दुसरी गोष्ट याहून वाईट. बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे 'शब्दातलं अक्षर'. जावास्क्रिप्टमध्ये ते फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर घेतं, देवनागरी औषधालाही नाही. ते निदान सरळ नाकारतं, लगेच कळतं. पायथनचं अंगभूत मॉड्यूल क, ख, ग ला अक्षर मानतं पण मात्रा, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह यांना मानत नाही. त्याला "मडगाव" दिलं तर "मडग" आणि "व" असे दोन शब्द हातात देतं. "काणकोण" चे तीन तुकडे होतात: क, णक, ण. "म्हापसा" चे म, ह, पस. कुठेही एरर नाही, प्रोग्राम शांतपणे चालू राहतो आणि शब्दसंख्या, शोध, याद्या सगळं बिघडलेलं असतं. पायथनसाठी वेगळं मिळणारं रेजेक्स नावाचं मॉड्यूल बसवलं तर मात्रा शब्दात धरल्या जातात, आणि बॅकस्लॅशनंतर मोठा एक्स लिहून आपल्या अर्थाचं एक अख्खं अक्षरही मागता येतं. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ च्या आवृत्तीपासून यू फ्लॅग लावून लिपीच्या नावाने देवनागरी मागता येते. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने या दोन गोष्टी पहिल्या दिवशी शिकाव्यात.

तिसरी, एकच शब्द दोन तऱ्हांनी टाइप झालेला असतो. "किनाऱ्यालगत" घ्या. त्यातला अर्धा र कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्तचिन्ह वापरून टाइप करतं, कुणी साधा र, हलन्तचिन्ह आणि एक न दिसणारा जोडक वापरून. स्क्रीनवर रेघभर फरक नाही, पण रेजेक्सला हे दोन वेगळे शब्द. "ॲंथनी" मधल्या ॲ चंही तेच. युनिकोडमध्ये स्वतंत्र ॲ २००८ मध्ये आला. त्याआधीच्या कीबोर्डांवर, आणि नंतरही अनेक ठिकाणी, अ वर चंद्र ठेवून तो काढला जातो. युनिकोडची प्रमाणीकरणाची ठरलेली पद्धत या दोन्ही जोड्या एक करत नाही. ते आपणच आधी बदलून घ्यावं लागतं.


नवखा_मडगाव

बापरे. मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मराठी बातम्यांतले शब्द मोजतोय, बॅकस्लॅश डब्ल्यू आणि प्लस लावून. आता कळलं की "क" इतका वर का आलाय.


बार्देशची_सून

माझा अनुभव वेबसाइटच्या फॉर्मांचा. मी म्हापशात बसून लोकांना ऑनलाइन अर्ज भरून देते, त्यामुळे रेजेक्सची दुसरी बाजू रोज बघते: लिहिणारा कुठेतरी दूर असतो आणि भोगणारा माझ्यासमोर खुर्चीवर.

आमच्याकडे डि'सोझा, डि'कोस्टा, डि'मेलो किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. इंग्रजी स्पेलिंगमध्ये डी नंतर अपॉस्ट्रॉफी. नावाच्या रकान्यात 'फक्त इंग्रजी अक्षरं' एवढंच रेजेक्स लावलेलं असलं की फॉर्म म्हणतो, नाव अवैध. आडनाव आधारवर एक, इथे अपॉस्ट्रॉफी काढून दुसरं, मग पुढच्या कार्यालयात दोन्ही जुळत नाहीत म्हणून प्रतिज्ञापत्र करा. कधी फॉर्म अपॉस्ट्रॉफी घेतो, पण कीबोर्डवरची सरळ. फोनवरून भरलं की फोन वळलेली अपॉस्ट्रॉफी घालतो, तिचा कोडपॉइंट वेगळा, पुन्हा नाव अवैध. पोर्तुगीज वळणाने लिहिलेल्या जुन्या नावांत ए वर टिल्ड असतो, सी खाली शेपटी असते. तीही ए ते झेड मध्ये बसत नाहीत. एक म्हातारी बाय मला म्हणाली, "माझं नाव चुकीचं आहे असं हे मशीन मला का सांगतं?" मला उत्तर सुचलं नाही.

पिनकोडचीही एक गंमत नाही अशी गोष्ट सांगते. एकाने मराठी कीबोर्ड चालू असताना ४०३५०७ टाइप केलं. फॉर्मने नाकारलं. दुसऱ्या एका फॉर्मने तेच घेतलं आणि नंतर अर्ज आतमध्ये कुठेतरी अडकला. असं का होतं?


अक्षरवेडी

ताई, बॅकस्लॅश डी म्हणजे 'अंक'. जावास्क्रिप्टमध्ये त्यात फक्त इंग्रजी अंक येतात. पायथनमध्ये आणि डॉटनेटमध्ये मुद्दाम बंद केलं नाही तर देवनागरी अंकही येतात. म्हणजे एकाच फॉर्मचा ब्राउझरमधला भाग नाकारतो आणि सर्व्हरवरचा घेतो, किंवा सर्व्हर घेतो आणि त्याच्यामागे उभी असलेली तिसरी यंत्रणा अडते. लिहिणाऱ्याने दोन्हीकडे तेच रेजेक्स लिहिलेलं असतं, त्याला वाटतं काम झालं.


फोंडेकर_मास्तर

नावांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. माणसाचं नाव रेजेक्सने तपासू नये. रिकामं नाही आणि अवाजवी लांब नाही, एवढं बघावं आणि माणूस सांगतो ते घ्यावं. पिनकोड ठीक आहे, त्याला ठरलेला साचा आहे: सहा अंक, पहिला शून्य नाही, गोव्यात सुरुवात ४०३. साचा सरकारने ठरवलाय म्हणून रेजेक्स तिथे शोभतं. नावाचा साचा कुणीच ठरवलेला नाही.


सांगेकर

सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या बाजूने एक भर घालतो. वाचता न येण्याचा त्रास फक्त अर्थाचा नाही, वेळेचाही आहे. एखादं रेजेक्स किती वेळ घेईल हे वाचून कळत नाही.

हे बघा: ^(अ+)+$
निरुपद्रवी दिसतं. ओळीत फक्त अ असावेत, एवढाच अर्थ. आता त्याला ३० वेळा अ आणि शेवटी एक ब असलेली ओळ द्या. उत्तर 'नाही' आहे हे आपल्याला बघताक्षणी कळतं. पण पायथन, जावास्क्रिप्ट यांची रेजेक्स चालवणारी इंजिनं मागे येऊन येऊन प्रयत्न करतात. ३० अ चे तुकडे पाडायच्या रीती ५३ कोटींहून जास्त आहेत, आणि 'नाही' म्हणण्याआधी इंजिन त्या सगळ्या धुंडाळू पाहतं. आणखी एक अ वाढवला की काम दुप्पट.

हे पुस्तकातलं उदाहरण वाटेल, म्हणून घडलेलं सांगतो. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरने (इतरांच्या संकेतस्थळांपुढे उभी राहून त्यांचं रक्षण करणारी कंपनी) फायरवॉलचा एक नवा नियम चढवला. त्यातल्या रेजेक्सचा घातक तुकडा असा होता: .*(?:.*=.*)
'काहीही, कितीही' एकामागोमाग, त्यामुळे कुठलं अक्षर कुणाच्या वाट्याला द्यायचं याच्या वाटण्या करण्यातच वेळ गेला. जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरांचे प्रोसेसर पूर्ण व्यापले गेले आणि त्यांच्यामागची असंख्य संकेतस्थळं २७ मिनिटं बंद होती. त्याआधी २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं होतं. तिथलं रेजेक्स तर ओळीच्या टोकाच्या मोकळ्या जागा छाटणारं, आपण सगळेच लिहितो तसलं. एका पोस्टमध्ये सलग सुमारे २०,००० मोकळ्या जागा आल्या, त्याही ओळीच्या शेवटी नाहीत, मध्ये. प्रत्येक मोकळ्या जागेपासून इंजिनने नव्याने सुरुवात केली, म्हणजे जवळपास २० कोटी तपासण्या.

मास्तरांनी थॉम्पसन यांचं नाव घेतलं. त्यांच्या १९६८ च्या पद्धतीत हा धोकाच नव्हता. सगळ्या शक्यता एकाच वेळी पुढे न्यायच्या, मागे यायचंच नाही. नंतरच्या बहुतेक भाषांनी मागे येणारी पद्धत घेतली, कारण आधी सापडलेला तुकडा पुढे पुन्हा शोधण्यासारख्या सोयी तिच्यात देता येतात. गूगलचं आरई-टू, गो भाषेचं अंगभूत इंजिन आणि रस्टचं नेहमीचं इंजिन ही थॉम्पसन यांच्या वाटेने जातात, त्यामुळे मजकूर वाढेल त्या प्रमाणातच वेळ वाढतो. बाहेरच्या माणसाने टाइप केलेल्या मजकुरावर रेजेक्स चालवायचं असेल तर मी हीच वापरतो.


दाबोळी

इतकं सगळं असेल तर रेजेक्स वापरायचंच कशाला? सर्वे नंबर काढायला ओळ तिरप्या रेघेवर तोडा, दोन्ही बाजूचे अंक घ्या, पुढचं अक्षर बघा. साध्या कोडच्या दहा-पंधरा ओळी होतील, पण कुणीही वाचेल. मी गेली कित्येक वर्षं असंच करतो आणि कुणाला समजावत बसावं लागत नाही.


रायबंदर

दाबोळीबाब, साचा एकच असता तर मीही तेच केलं असतं. इथे तिरप्या रेघेच्या आगेमागे जागा असते-नसते, डॅश असतो-नसतो, अक्षर असतं-नसतं, आणि काही ओळींत तारखेतही तिरपी रेघ आहे. प्रत्येकाला एक जर-तर लावला की त्या पंधरा ओळी बघता बघता शंभर होतात, आणि मग तेही कुणी वाचत नाही.

मधली वाट म्हणून मी तुकड्यांना नावं देऊन बघतोय:

सर्वे = [०-९]+
पोट = [०-९]+
अक्षर = [अबकड]
पूर्ण = सर्वे, मग " */ *", मग पोट, मग "( *-? *" अक्षर ")?"

आता [अबकड] बघितल्यावर पुढच्याला निदान एवढं कळेल की हा पोटविभागाचा भाग आहे आणि ही चार अक्षरं मोजून घेतली आहेत.


फोंडेकर_मास्तर

उत्तम. पायथनमध्ये व्हर्बोज पर्यायही आहे, पर्लकडून आलेला. तो लावला की रेजेक्स अनेक ओळींवर पसरून प्रत्येक ओळीपुढे टीप लिहिता येते. फक्त मग मोकळी जागा शोधायची असेल तर ती बॅकस्लॅशने किंवा चौकटी कंसात द्यावी लागते, कारण उघडी मोकळी जागा दुर्लक्षित होते. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय नाही, तिथे तुमच्यासारखे तुकडे जोडणं हाच मार्ग.


अक्षरवेडी

थांबा दादा, तुमच्या 'पूर्ण' मध्ये एक भोक आहे. कब्जेदाराचं नाव लगेच पुढे असेल तर? "४५/२ अर्जुन" या ओळीत तुमचं रेजेक्स अर्जुनचा अ पोटविभाग म्हणून उचलेल. "४५/२ कामत" मध्ये क उचलेल.

यावर कुणी म्हणेल की शब्दाच्या सीमेचं चिन्ह लावा, बॅकस्लॅश बी. पायथनच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये ते लावलंत तर अर्जुन सुटेल, कारण अ च्या पुढे र आहे आणि र त्याच्या लेखी अक्षर आहे. पण कामत अडकेल. क च्या पुढे काना आहे, काना त्याच्या लेखी अक्षर नाही, म्हणजे त्याच्या मते शब्द क वरच संपला! अर्जुनवर तपासून निश्चिंत झालेला माणूस कामतांच्या सगळ्या नोंदी बिघडवेल.

त्याऐवजी अक्षराच्या पाठोपाठ हे लावा: (?![ऀ-ॿ])
म्हणजे 'यापुढे देवनागरीतलं काहीही नको'. बघा, त्या रेंजमधलं पहिलं चिन्ह स्वतंत्र उभं राहत नाही, डावीकडच्या कंसाच्या डोक्यावर जाऊन बसतं, आणि एडिटरमध्ये कर्सर कुठे आहे तेच समजत नाही. म्हणून फाइलमध्ये ते चिन्हांऐवजी युनिकोडच्या क्रमांकांनी लिहा, ०९०० ते ०९७एफ, आणि शेजारी टीप द्या.


रायबंदर

ताई, तुम्ही दोन नावांत जे दाखवलंत ते मला रेजेक्स वाचून कधीच दिसलं नसतं. आता मी असं करतो. रेजेक्सच्या बरोबर वर, त्याच फाइलमध्ये, नमुने ठेवतो. काय सापडायला हवं आणि त्यातून काय निघायला हवं, तेही. प्रोग्राम सुरू होताना आधी हे नमुने तपासेल, एक जरी चुकला तर पुढे जाणारच नाही.

"४५/२-अ" : ४५, २, अ
"४५ / २ ब" : ४५, २, ब
"४५/२" : ४५, २, अक्षर नाही
"४५/२ अर्जुन" : ४५, २, अक्षर नाही
"४५/२ कामत" : ४५, २, अक्षर नाही
"१२/०५/१९७४" : काहीच नको, ही तारीख आहे

शेवटचा नमुना आत्ता नापास होतोय. १२/०५ ला तो सर्वे नंबर समजतो. मागेपुढे अंक किंवा तिरपी रेघ नसावी, अशी अट दोन्ही बाजूंनी घालावी लागेल. ते करतो.


सांगेकर

पुढच्या बाजूला अट घालताना सांभाळा. फक्त 'यापुढे तिरपी रेघ नको' म्हटलंत तर इंजिन एक अंक सोडून देऊन १२/० वर समाधान मानेल. 'यापुढे अंकही नको, तिरपी रेघही नको' असं एकत्र लिहा. पायथन ३.११ पासून, म्हणजे २०२२ नंतर, 'घेतलेलं परत सोडू नकोस' असंही सांगता येतं, प्लसच्या पाठीला आणखी एक प्लस लावून. पण जुन्या पायथनवर ते चालणार नाही.


रायबंदर

घातलं, दोन्ही एकत्र. "१२/०" हाही नमुन्यांत टाकला, तारखेतून तो निघता कामा नये म्हणून. सगळे पास.

गोव्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतल्या मंडळींना विनंती: तुमच्या पाहण्यात सर्वे नंबर लिहायची याहून वेगळी तऱ्हा असेल तर नाव-गाव काढून फक्त साचा इथे टाका.


काणकोणचो

आमच्याकडे "११२/१ (भाग)" असं लिहिलेलं असतं. जमिनीचा तुकडाच विकलेला असेल तर. कधी कंस असतो, कधी नुसतं भाग. आणि एकाच ओळीत दोन नंबर पण असतात, "११२/१ व २".


रायबंदर

"(भाग)" वेगळ्या रकान्यात घेतो. "११२/१ व २" हे एका रेजेक्समध्ये कोंबणार नाही. आधी 'व' वर ओळ तोडतो, दाबोळीबाबांच्या पद्धतीने, आणि मग प्रत्येक तुकड्यावर रेजेक्स चालवतो. 'व' च्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल तरच तोडायचं, नाहीतर वास्को फुटेल. दोन्ही साचे आणि "वास्को" नमुन्यांत घातले आहेत.